पोर्तुगीज भाषक जगातील काळ्या स्त्री-कलाकार: चार बैठकांचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

बारा ते पंधरा माणसे, एक मोठी खोली, प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही आणि पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-दोन तासांच्या चार बैठका, एवढ्यावर हा अभ्यासवर्ग घेता येतो. वाचनालय, महिला मंडळ, कला महाविद्यालय, कुणाच्या घरचा हॉल, कुठेही चालेल. पंधरापेक्षा जास्त माणसे झाली की हाताने करायची कामे अडतात आणि मागच्या रांगेतले नुसते प्रेक्षक उरतात. तेव्हा नावे जास्त आली तर दोन गट करा.

या विषयावरचे बहुतेक कार्यक्रम गुलामगिरीच्या आकड्यांनी सुरू होतात. मग पडद्यावर येणारी कलाकृती त्या आकड्यांची शोभा म्हणून उरते आणि कलाकार स्त्री केवळ सोसणारी म्हणून लक्षात राहते. इथे क्रम उलटा ठेवायचा आहे. आधी हातातले काम पाहायचे: टाका, कापड, वहीतला हिशेब, ठेका, जळलेले लाकूड. ते कसे केले हे नीट कळले की ते का केले याची चर्चा आपोआप खोल जाते. या बायकांनी न्यायाची मागणी कामाच्या रीतीतच गुंफली आहे, म्हणून रीतच चुकवली तर मागणीही हाती लागत नाही.

बैठकांआधीची तयारी

एका पानाचा कालपट करून प्रत्येकाला द्या. त्यावर एवढे पुरे. ब्राझील १८२२ मध्ये स्वतंत्र झाले, पण तिथली गुलामगिरी १३ मे १८८८ रोजी संपली, अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. अटलांटिक ओलांडून जिवंत पोचलेल्यांपैकी सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे एकट्या ब्राझीलमध्ये उतरवली गेली. पोर्तुगालने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी १८६९ मध्ये कायद्याने संपवली, पण सक्तीची मजुरी विसाव्या शतकातही चालू राहिली. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली आणि १९७५ मध्ये मोझांबिक, केप व्हर्द, साओ तोमे आणि अंगोला स्वतंत्र झाले. ब्राझीलमध्ये २००३ च्या कायद्याने शाळांत आफ्रो-ब्राझिलियन इतिहास शिकवणे सक्तीचे झाले, २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांत राखीव जागा आल्या, आणि २० नोव्हेंबर हा काळ्या जाणिवेचा दिवस २०२४ पासून देशभर सुट्टीचा झाला.

याच पानावर १८७३ हे सालही लिहा. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ त्या वर्षी प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. त्या वेळी ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपायला अजून पंधरा वर्षे होती. मराठी वाचकाला हा कालपट आपल्या इतिहासाशी जुळवून घ्यायला तेवढी एक तारीख पुरते.

‘काळ्या’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे, कारण तिथल्या चळवळी तो अभिमानाने वापरतात. वर्गात कुणाला ‘कृष्णवर्णीय’ सोयीचे वाटले तर त्यावर वाद घालू नका. दुसऱ्या एका चुकीकडे मात्र लक्ष द्यावेच लागते. एखाद्या कलाकाराचा फोटो पाहून कुणीतरी हमखास म्हणते, “ही काही तेवढी काळी दिसत नाही.” ब्राझीलच्या जनगणनेत माणूस आपला रंग स्वतः सांगतो. २०२२ मध्ये ४५.३ टक्के लोकांनी मिश्रवर्णी, ४३.५ टक्क्यांनी गोरे आणि १०.२ टक्क्यांनी काळे असे सांगितले. काळे आणि मिश्रवर्णी मिळून एक राजकीय समूह आहे असे चळवळ मानते आणि सरकारी आकडेवारीतही ते एकत्र मोजले जातात. ही माहिती पहिल्याच दिवशी द्या, म्हणजे रंगाची पारख करत बसायची सवय वर्गाला लागणार नाही. पोर्तुगालच्या जनगणनेत हा प्रश्नच विचारला जात नाही, हेही सांगून ठेवा. चौथ्या बैठकीत ते उपयोगी पडेल.

नावांचे उच्चार आधी ऐकून ठेवा. ब्राझीलमध्ये शब्दारंभीचा र घशातून, जवळजवळ ह सारखा येतो, त्यामुळे तिथे रोझानाचा उच्चार होझाना असा ऐकू येईल. लिहिताना रोझाना ठेवले तरी चालते. शेवटी येणारा ‘आंव’ नाकातून म्हणायचा: कोन्सेइसांव. गोवा आणि वसईच्या मंडळींना आडनावे ओळखीची वाटतील, कारण तिसऱ्या बैठकीतल्या कवयित्री नोएमिया द सोझा यांचे आडनाव म्हणजे आपल्याकडचे डिसोझा.

पहिली बैठक: सुई, दोरा आणि घरातले फोटो

सुरुवात रोझाना पाउलिनो यांच्यापासून करा. जन्म १९६७, ब्राझीलमधले साओ पावलो. प्रशिक्षण मुद्राचित्रणाचे (म्हणजे ठशावरून छाप काढण्याच्या कलेचे), साओ पावलो विद्यापीठाची डॉक्टरेट २०११ ची, आणि २०२४ मध्ये ओस्लोच्या मुंक संग्रहालयाने सुरू केलेला पहिला मुंक पुरस्कार त्यांना मिळाला. पण हे सगळे नंतर सांगा. पहिली दहा मिनिटे पडद्यावर फक्त ‘स्मृतीची भिंत’ ठेवा, नाव आणि साल न सांगता. तीनच प्रश्न विचारा: हे कशाचे आहे, एक तुकडा करायला किती वेळ लागेल, एकच चेहरा किती ठिकाणी दिसतो?

१९९४ मध्ये सुरू झालेल्या या कामात साधारण आठ सेंटिमीटर चौरस, तीन सेंटिमीटर जाड अशा छोट्या उश्या आहेत. त्यांचा आकार पातुआ म्हणजे गळ्यात बाळगायच्या ताईताच्या कापडी पिशवीचा आहे. त्यांवर कलाकाराच्या कुटुंबातले अकरा फोटो पुन्हा पुन्हा छापले आहेत आणि तुकडे सुमारे दीड हजार आहेत. पडद्यावर हा पसारा कळत नाही, म्हणून भिंतीवर खडूने आखून दाखवा. दोन तुकड्यांत दोन सेंटिमीटर जागा धरली तर एका चौरस मीटरमध्ये शंभर मावतात. म्हणजे दीड हजारांना पाच मीटर लांब, तीन मीटर उंच भिंत लागेल. खोलीची भिंत पुरली नाही तर अंगणात आखा. अकराच चेहरे दीड हजार वेळा का, याचे उत्तर वर्गाला स्वतः शोधू द्या. फोटो काढून घेण्याची ऐपत आणि संधी किती जणांना होती, इथपर्यंत चर्चा बहुधा आपणहून जाते.

त्यानंतर १९९७ ची मालिका. भरतकामाच्या लाकडी रिंगांमध्ये ताणलेल्या कापडावर काळ्या स्त्रियांचे फोटो आहेत आणि त्यांचे डोळे, तोंड, गळा, कपाळ काळ्या दोऱ्याने शिवून टाकले आहे. टाके नाजूक नाहीत. ते एकावर एक चढलेले, जखम घाईने शिवावी तसे आहेत. प्रत्येक रिंग ३० सेंटिमीटरची आहे. जाड कागदाची त्याच मापाची वर्तुळे कापून प्रत्येकाच्या हातात द्या. रिंग आपल्या चेहऱ्यापेक्षा थोडी मोठी आहे हे हातात घेतल्याशिवाय जाणवत नाही.

तिसरे काम २०१३ चे. १८६५ मध्ये लुई अगासी या हार्वर्डच्या प्राध्यापकाने वंशभेद सिद्ध करायला रिओमध्ये आफ्रिकी माणसांचे विवस्त्र फोटो काढवून घेतले. छायाचित्रकार होता आउगुस्तो स्टाल. पाउलिनो यांनी त्यांतल्या एका स्त्रीचे समोरून, बाजूने आणि पाठीमागून काढलेले फोटो कापडावर पुरुषभर उंचीचे छापले, कापले आणि पुन्हा शिवले. पण कडा जुळवल्या नाहीत. मग त्यावर हृदय, गर्भ आणि मुळे भरली. कडा न जुळणे हाच या कामाचा गाभा आहे, तेव्हा शिवणीवर पडदा मोठा करून थांबा. स्टालचे मूळ फोटो मात्र वेगळे काढून दाखवू नका. ‘संदर्भासाठी’ म्हणून ते दाखवले की त्या बाईला दुसऱ्यांदा नमुना म्हणून उभे केल्यासारखे होते, आणि ज्या नजरेविरुद्ध हे काम उभे आहे तीच नजर खोलीत येते. वर्णन पुरेसे आहे.

आता हाताचे काम. त्याला किमान एक तास ठेवा. पंधरा जणांसाठी ९० सेंटिमीटर पन्ह्याचे पांढरे सुती कापड साडेतीन मीटर, बारा इंची पंधरा रिंगा, गोधडीच्या सुया, जाड काळा दोरा, अॅसिटोन असलेले नेलपॉलिश रिमूव्हर २०० मिली, कापूस आणि स्टीलचे चमचे लागतील. कापड आदल्या दिवशी गरम पाण्यात धुऊन खळ काढा, इस्त्री करा आणि ४० सेंटिमीटरचे चौकोन कापा. प्रत्येकाने घरातल्या एखाद्या स्त्रीच्या फोटोची झेरॉक्स आणायची, ती उलटी म्हणजे आरशातल्यासारखी काढून. मूळ फोटो आणू नये. ती व्यक्ती हयात असेल तर तिला विचारूनच आणावा.

झेरॉक्सची छापील बाजू कापडावर पालथी ठेवा, चार कोपरे टेपने चिकटवा. कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये बुडवून पिळा आणि कागदाच्या पाठीवर फिरवा. लगेच चमच्याच्या पाठीने दाबून घासा. एका वेळी दोन-तीन इंचांचाच भाग घ्या, कारण अॅसिटोन उडून जाते. एक कोपरा उचलून छाप उमटली का पाहा, मग कागद काढा. खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास उदबत्ती, समई, गॅस काही नको.

काय बिघडते ते आधीच सांगा. छाप अजिबात उतरली नाही तर कागद इंकजेट प्रिंटरचा आहे. टोनरवाल्या मशिनचीच प्रत लागते. चित्र फुटून डाग पडले तर बोळा फार ओला होता. ठिपक्या-ठिपक्यांत उतरले तर कापडात खळ राहिली आहे किंवा त्यात पॉलिएस्टर आहे. फोटोतल्या एखाद्या पाटीवरची अक्षरे उलटी दिसली तर प्रत उलटी काढायची राहिली.

शिवायला बसताना पाउलिनो यांच्यासारखे डोळे आणि तोंड शिवायला सांगू नका. ती खूण त्यांच्या इतिहासातून आली आहे. तिची नक्कल केली की ती नुसती डिझाइन होते. त्याऐवजी विचारा: या बाईचे कोणते काम कुठेच नोंदले गेले नाही? ते फोटोत जिथे असायला हवे होते तिथे टाके घाला. कुणाला शिवावेसे वाटले नाही तर रिंग तशीच ठेवू द्या. फोटोभोवतीच्या आठवणी जड असतात आणि त्या बोलून दाखवण्याचा आग्रह धरायचा नाही.

शेवटची दहा मिनिटे कर्नाटकातल्या सिद्दी स्त्रियांच्या कवंडीसाठी, म्हणजे गोधडीसाठी ठेवा. हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दींचे काही पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून निसटलेले आफ्रिकी गुलाम होते. तिथल्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे कडेकडेने जोडत आत जातात आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेली ‘फुले’ लावतात. कवंडी पांघरायची वस्तू आहे, पाउलिनो यांचे काम संग्रहालयासाठी केलेले आहे, तेव्हा दोन्ही एकच आहे असे म्हणू नका. पण ज्या समुद्री साम्राज्याने माणसे ब्राझीलला नेली त्यानेच ती गोव्यातही आणली, हे इथे हाताला लागते.

दुसरी बैठक: वहीतला हिशेब

कारोलिना मारिया द जेझुस (१९१४ ते १९७७) साओ पावलोतल्या कानिंदे झोपडपट्टीत राहत. कागद, भंगार वेचून तीन मुलांना वाढवत आणि कचऱ्यात सापडलेल्या वह्यांत रोजनिशी लिहीत. आउदालियो दांतास या पत्रकाराला त्या १९५८ मध्ये भेटल्या आणि १९६० मध्ये त्यांच्या रोजनिशीचे पुस्तक निघाले. ते अनेक भाषांत गेले. इंग्रजी अनुवाद १९६२ पासून आहे, वर्गासाठी तोच सहज मिळतो.

रोजनिशीतले सलग सहा-सात दिवस निवडा. नाट्यमय प्रसंग असलेले दिवस निवडू नका, साधे निवडा. फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे कागद विकून आलेले पैसे, उजवीकडे पाव, तांदूळ, साखर, साबण यांवर गेलेले. एकाने वाचायचे, दुसऱ्याने आकडे लिहायचे. अर्ध्या तासात फळा भरतो आणि उजवा रकाना डाव्याला कसा खातो ते दिसते. मग विचारा की ही बाई आकडे का लिहून ठेवते. वाचकाला कळवळा यावा म्हणून तिने ते लिहिलेले नाहीत. ती पुरावा जमा करते आहे. शेजारी, नगरसेवक, राष्ट्राध्यक्ष या सगळ्यांची नोंद ती त्याच वहीत करते.

या बैठकीत हमखास घसरणारी जागा म्हणजे अनुवाद. उतारे मराठीत करायचे झाले तर कारोलिनांना ग्रामीण बोली देण्याचा मोह होतो. तो टाळा. त्यांच्या पोर्तुगीजमध्ये शुद्धलेखनाच्या चुका आहेत आणि त्याच वाक्यात भारदस्त, ग्रंथांतून उचललेले शब्दही आहेत. त्यांना असे शब्द आवडत. म्हणून मराठीतही बोलते वाक्य ठेवून मध्येच ‘प्रभात’, ‘क्षुधा’ असा शब्द येऊ द्या. सगळे सपाट प्रमाण केले तर त्यांचा अभिमान जातो, आणि सगळे गावंढळ केले तर संपादकाच्या नजरेतली ‘झोपडपट्टीतली बाई’ तेवढी उरते.

त्या संपादनावर तिथे आजही वाद आहे. दांतास यांनी मजकूर निवडला, कापला आणि चुका मात्र तशाच ठेवल्या. २०२१ पासून निघत असलेल्या नव्या आवृत्त्यांच्या सल्लागार मंडळात कारोलिनांची मुलगी व्हेरा एउनिसे आणि लेखिका कोन्सेइसांव एव्हारिस्तो आहेत, आणि मूळ लेखन जसेच्या तसे ठेवायचे असे तिथे ठरले. वर्गाला दोन गटांत बसवा. एकाने चुका ठेवाव्यात अशी बाजू मांडायची, दुसऱ्याने दुरुस्त कराव्यात अशी. वीस मिनिटांनी बाजू बदला. लेखिकेचा मान नेमका कशाने राहतो हा प्रश्न मराठी दलित आत्मकथनांच्या वाचकांना नवा नाही, त्यामुळे चर्चा तापते. घड्याळाकडे लक्ष ठेवा.

कारोलिना फक्त रोजनिशीकार नव्हत्या, हे दाखवायला त्यांचा १९६१ चा गाण्यांचा रेकॉर्ड ऐकवा. गाणी त्यांनीच रचलेली, आवाजही त्यांचाच. वर्गाचा चेहरा तिथे बदलतो, कारण तोवर मनात तयार झालेल्या चित्रात गाणारी, नटणारी बाई नसते.

एव्हारिस्तो यांच्यासाठी पंधरा मिनिटे पुरतात. जन्म १९४६, बेलो ओरिझोंतेची झोपडपट्टी. त्यांच्या आईने कारोलिनांचे पुस्तक वाचून स्वतः रोजनिशी लिहायला घेतली होती. जगणे आणि लिहिणे एकत्र विणणाऱ्या लेखनाला एव्हारिस्तो यांनी ‘एस्क्रेव्हिव्हेंसिया’ हे नाव दिले. २०१८ मध्ये त्या ब्राझीलच्या साहित्य अकादमीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि त्यांना एक मत पडले. त्या अकादमीत पहिली काळी स्त्री, आना मारिया गोन्साल्वेस, २०२५ मध्ये निवडून आली. अकादमीची स्थापना १८९७ ची आहे.

तिसरी बैठक: हातोहात फिरलेल्या कविता आणि मांडीवरचा ठेका

नोएमिया द सोझा (१९२६ ते २००२) यांच्या वडिलांच्या घराण्यात पोर्तुगीज, आफ्रिकी आणि गोवेकर असे तिन्ही धागे होते. त्यांनी जवळजवळ सगळ्या कविता १९४८ ते १९५१ या तीन वर्षांत, विशीत, मोझांबिकची राजधानी असलेल्या आजच्या मापुतोमध्ये लिहिल्या. त्या पुस्तकरूपात आल्या थेट २००१ मध्ये. मधली पन्नास वर्षे त्या सायक्लोस्टाइल प्रतींवरून आणि नियतकालिकांतून पसरल्या. पोर्तुगीज पोलिसांची नजर होती. १९५१ मध्ये त्या लिस्बनला गेल्या, पुढे फ्रान्समध्ये परागंदा राहिल्या.

म्हणून या कविता पडद्यावर दाखवू नका. एकच कविता निवडा, तिच्या चारच प्रती काढा आणि त्या फिरत्या ठेवा. ज्याच्या हातात प्रत येईल त्याने उभे राहून मोठ्याने एक कडवे वाचायचे आणि पुढे द्यायची. जोहान्सबर्गच्या खाणींतून परतणाऱ्या मजुरावरची कविता यासाठी चांगली आहे. रेडिओवर काळ्या अमेरिकी गायकांचा आवाज ऐकत रात्री लिहिलेली कविताही चांगली. तिच्यात मेरियन अँडरसन आणि पॉल रोबसन यांचे उल्लेख येतात, त्यामुळे आधी त्या दोघांचे एकेक गाणे ऐकवता येते. या कविता पुनरावृत्तीवर चालतात. मनातल्या मनात वाचल्या की त्या लांबलचक वाटतात, आणि ‘घोषणाबाजी आहे’ असा शेरा येतो. मोठ्याने वाचल्यावर तो शेरा सहसा येत नाही.

मूळ पोर्तुगीज ऐकायचे असेल तर पणजीत सोय होते. पाट्टोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात पोर्तुगीज ग्रंथांचा मोठा संग्रह आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात, आणि फोंतायन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंते ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था आहे. पोर्तुगीज येणारी ज्येष्ठ मंडळी गोव्यात अजून आहेत. त्यांच्याकडून वाचन रेकॉर्ड करून आणा. गोव्यातला उच्चार लिस्बनच्या जवळचा असतो, ब्राझीलपेक्षा वेगळा, हे लक्षात ठेवून ते नोएमियांसाठी वापरा, कारोलिनांसाठी नको.

उत्तरार्ध केप व्हर्दच्या सांतियागो बेटावरच्या बातुकूचा. तिथल्या स्त्रिया गोल बसून, घट्ट गुंडाळलेला कापडी गठ्ठा मांड्यांमध्ये धरून त्यावर तळहातांनी ठेका धरतात. त्या गठ्ठ्याला चाबेता म्हणतात. एकजण गाते, बाकीच्या उचलून धरतात. वसाहतीच्या काळात चर्च आणि प्रशासनाने हे अश्लील ठरवून त्यावर बंधने घातली, बायकांनी ते टिकवले. नासिया गोमी (१९२५ ते २०११) या त्यातल्या ‘फिनासांव’ म्हणजे ऐनवेळी रचत जायच्या गायनाच्या थोर कलावंत. जात्यावरच्या ओवीत जशी एकटीची तक्रार आणि सगळ्यांचा अनुभव एकाच ओळीत येतो, तसे इथे ऐकू येते.

ठेका करून पाहण्यासाठी जुना टर्किश टॉवेल घट्ट गुंडाळा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोरीने आवळा. सैल राहिला तर आवाज बोदा येतो. अर्ध्या गटाने सहा मात्रांत दोन सारखे ठोके द्यायचे (पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर), उरलेल्यांनी त्याच सहा मात्रांत तीन (पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर). पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र येतात. सुरुवातीला हमखास दोन्ही गट एकाच ठेक्यावर घसरतात, कारण कान मोठ्या आवाजाकडे ओढला जातो. गटांना पाठीला पाठ लावून बसवा आणि लय निम्मी करा. पाच मिनिटे टिकवता आले की खऱ्या गटाचे रेकॉर्डिंग लावा. आधी रेकॉर्डिंग लावले तर लोक नुसते टाळ्या वाजवतात.

चौथी बैठक: बत्तीस मीटर

ही उघड्या मैदानावर घ्या. ग्रादा किलोंबा यांचा जन्म १९६८ चा, लिस्बनचा, मुळे अंगोला आणि साओ तोमेची, राहणे बर्लिनमध्ये. २०२१ मध्ये त्यांनी लिस्बनच्या माट संग्रहालयासमोर, तेजो नदीच्या काठावर ‘बोट’ मांडली: जाळून काळे केलेल्या लाकडाचे १४० ठोकळे, जहाजाच्या तळाच्या आकारात रचलेले, लांबी ३२ मीटर. काही ठोकळ्यांवर कविता कोरली आहे, योरुबा, किंबुंदू, क्रिओल, पोर्तुगीज, इंग्रजी, अरबी अशा भाषांत. सोबत गायक आणि नर्तकांचा प्रयोग होता.

जागा महत्त्वाची आहे. हा बेलेंचा किनारा. वास्को द गामा १४९७ मध्ये इथूनच भारताकडे निघाला, आणि जवळच १९६० मध्ये उभारलेले, त्याच्यासकट दर्यावर्दींचा गौरव करणारे दगडी स्मारक आहे. त्या स्मारकात जहाजाचा पुढचा भाग दिसतो. तळाशी कोण होते ते किलोंबांनी त्याच किनाऱ्यावर मांडले. जनगणनेत वर्णाची नोंदच नसलेल्या देशात हे काम कुणाला दिसते करते, हे विचारायची वेळ आता येते.

३२ मीटर सुतळी आणा. ती मैदानात अंथरली की कबड्डीची जवळजवळ अडीच मैदाने व्यापते. दोन्ही बाजूंनी बोटीसारखी वक्र रेघ चुन्याने काढा. प्रत्येकाने एकट्याने, न बोलता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे. मग आत येऊन प्रयोगाचे चित्रीकरण पाहायचे. कुणालाही त्या रेघांच्या आत झोपवू नका, दाटीवाटीने बसवू नका, ‘गुलाम आणि व्यापारी’ असे नाटक करू नका. हौसेने काही जण हे सुचवतात. दहा मिनिटे अडचणीत बसून ते दुःख कळले असे वाटू लागते आणि मग हसणे सुरू होते. किलोंबांनी स्वतः तसे काही केलेले नाही. त्यांनी जागा रिकामी ठेवली, आवाज आफ्रिकी वंशाच्या कलाकारांना दिला.

शेवटचा अर्धा तास आपल्याकडच्या तुलनेला. तो आधीच्या बैठकांत आणला तर पंधरा मिनिटांत सगळी चर्चा जातीवर येते आणि ब्राझील, मोझांबिक हरवतात. तुलना करताना कलाकृतीसमोर कलाकृती ठेवा. कारोलिनांची रोजनिशी आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ घ्या: एक त्या-त्या दिवशी लिहिलेली, दुसरे घरच्यांपासून लपवून, समाजाची आठवण म्हणून लिहिलेले. पहिल्यात ‘मी’ जास्त, दुसऱ्यात ‘आम्ही’. १९७२ मध्ये दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, हे इथे सांगा. पण वंश आणि जात एकच आहेत असा निष्कर्ष फळ्यावर लिहू नका. रंगाची नोंद माणूस स्वतः सांगतो आणि जात जन्माने चिकटते, हा फरक पहिल्या दिवशीच्या आकड्यांवरून काढून दाखवता येतो.

अनुवाद, हक्क आणि नोंदी

पोर्तुगीज मजकूर मशिनने मराठीत करताना एक दोष सतत येतो. पोर्तुगीजमध्ये कर्ता गाळला तरी चालते, त्यामुळे मशीन बहुतेक ठिकाणी ‘तो’ धरते आणि मराठी क्रियापद पुल्लिंगी करते. स्त्रीच्या आत्मकथनात अचानक ‘मी गेलो’ दिसेल. प्रत्येक क्रियापद तपासा. झोपडपट्टी, मळा, मोलकरीण यांच्यासाठीचे शब्दही पाहा. तिथल्या ‘किलोंबो’ला, म्हणजे पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेल्या स्वतंत्र वस्तीला, मशीन नुसते ‘गाव’ करून टाकते.

चित्रांसाठी कलाकाराचे नाव आणि कामाचे पोर्तुगीज नाव रोमन लिपीत टाकून साओ पावलोच्या पिनाकोतेका आणि मास्प या संग्रहालयांची संकेतस्थळे पाहा. मापे आणि साहित्य तिथूनच घ्या. बंद वर्गात दाखवणे वेगळे आणि पोस्टर छापणे किंवा समाजमाध्यमांवर टाकणे वेगळे, त्याला परवानगी लागते. लेखनाचेही तसेच. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात, म्हणजे कारोलिनांचे २०३७ अखेरपर्यंत. त्यांचे उतारे मराठीत छापायचे असतील तर प्रकाशकाला आधी लिहा.

एखादी बैठक बदलायची असेल तर कापडाच्या कामासाठी सोनिया गोमेस (जन्म १९४८, ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातले कापडगिरण्यांचे गाव), मातीसाठी मोझांबिकच्या माकोंदे कुंभारकलावंत रेइनाता सादिंबा, आणि कादंबरीसाठी पाउलिना शिझियान घेता येतील. कामोंइश हा पोर्तुगीज साहित्याचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या शिझियान या पहिल्या आफ्रिकी काळ्या स्त्री आहेत, २०२१ च्या.

वर्ग संपल्यावर दोघांनी मिळून एका कलाकारावर मराठी विकिपीडियात लेख लिहावा. दोनशे ते तीनशे शब्द पुरतात. जन्मसाल, गाव, प्रमुख कामे, साहित्य आणि माप, आणि प्रत्येक वाक्याला संग्रहालयाचा किंवा वृत्तपत्राचा संदर्भ. ‘प्रेरणादायी’, ‘संघर्षमय’ असे शब्द संपादक काढून टाकतात, तेव्हा ते मुळातच लिहू नयेत. कलाकृतीचे चित्र चढवू नका, हक्कामुळे ते काढले जाते. त्या जागी संग्रहालयातल्या मूळ पानाचा दुवा द्या.